एआयने उत्तरं लिहिली, वेळ वाचला का?

‘रुग्णांच्या मेसेजना आता एआय उत्तरं लिहितं, अमेरिकेतल्या डॉक्टरांचे तासन्‌तास वाचतात’, हा दावा २०२३पासून फिरतोय. तो अर्धवट आहे.

एआय उत्तर पाठवत नाही, मसुदा देतं. तो वाचून, दुरुस्त करून पाठवायचा डॉक्टरांनीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्राने हे मोजलं. २०२४च्या त्या अभ्यासात उत्तर द्यायला लागणारा वेळ घटला नाही. उलट वाचनाचा वेळ २१.८ टक्क्यांनी वाढला आणि उत्तरं १७.९ टक्क्यांनी लांबली. साहजिकच आहे म्हणा. रुग्ण विचारतो, ‘बीपीची गोळी संपली, तीच चालू ठेवू का?’ डॉक्टर एका ओळीत ‘हो’ म्हणून मोकळे झाले असते. मसुद्यात आधी विचारपूस, मग खबरदारी, शेवटी शुभेच्छा. आणि त्या पाल्हाळात डोस चुकलेला नाही ना, हे तपासणं आलंच.

मग सगळं फोल? तसंही नाही. स्टॅनफर्डमध्येही वेळ वाचला नाही, मसुदे सरासरी वीसेक टक्केच वापरले गेले. तरीही कामाचा ताण आणि थकवा कमी वाटतो, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही, हे त्याचं एक कारण असावं.