थर्मामीटरवरून पिकाच्या पाण्याचा हिशेब

पीक रोज किती पाणी पितं हे नेमकं मोजायचं तर लायसिमीटर लागतो. म्हणजे जमिनीत पुरलेली मातीची टाकी. तिच्यात पीक घ्यायचं आणि वजन किती घटलं ते पाहायचं. संशोधन केंद्राबाहेर हा थाट कुणाला परवडणार?

१९४८ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रातले हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, आर्द्रता आणि तापमान एकत्र घेऊन किती पाणी उडेल ते काढणारं समीकरण मांडलं. शास्त्र पक्कं होतं, पण चारही नोंदी ठेवणारी केंद्रं मोजकीच. थर्मामीटर मात्र बहुतेक ठिकाणी असायचा. त्याच वर्षी अमेरिकेत थॉर्नथ्वेट यांनी मुख्यतः महिन्याच्या सरासरी तापमानावर बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे मातीतून आणि पानांतून उडणाऱ्या पाण्याचा, अंदाज बांधला. त्यांना खरं तर हवामानाचं वर्गीकरण करायचं होतं. सिंचनवाल्यांनी ते सूत्र उचललं आणि कोरड्या मुलखात ते कमी पाणी दाखवू लागलं. १९५० मध्ये ब्लेनी आणि क्रिडल यांनी पश्चिम अमेरिकेतल्या बागायतीसाठी तापमानाला दिवसाच्या लांबीची आणि पीक गुणांकाची, म्हणजे पिकानुसार बदलणाऱ्या आकड्याची, जोड दिली.

तरी मूळ दुखणं राहिलंच. ढगाळ आणि निरभ्र दिवसाच्या तापमानाची सरासरी सारखीच निघू शकते, पाणी मात्र सारखं उडत नाही. युटा स्टेट विद्यापीठातले हारग्रीव्हज आणि समानी यांनी १९८५ मध्ये यावर साधा तोडगा दिला: कमाल आणि किमान तापमानातला फरक. आभाळ मोकळं असलं की दिवसा तापतं, रात्री निवतं आणि फरक वाढतो; ढग तो कमी करतात. त्यामुळे हा फरकच उन्हाचा माग देतो. अक्षांश आणि तारखेवरून वातावरणाच्या वरच्या टोकाला पोहोचणारं ऊन काढता येतंच.

मे महिन्याच्या मध्यावर सोलापूरच्या आसपास ४० आणि २५ अंश असतील तर या सूत्राने संदर्भ गवताची (तुलनेसाठी धरलेल्या, पाणी भरपूर मिळणाऱ्या गवताची) गरज दिवसाला सुमारे ७ मिलिमीटर येते, म्हणजे एकरी जवळपास २८ हजार लिटर. कोकण किनाऱ्यावर ३३ आणि २७ अंशांना ती ४.३ मिलिमीटरच्या आसपास. हरळीच्या लॉनसाठी हा आकडा ०.८५ ने गुणायचा.

१९९८ च्या एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) मार्गदर्शिकेने पेनमन-माँटिथला, म्हणजे पेनमन यांच्या समीकरणाच्या सुधारित रूपाला, प्रमाण मानलं, पण नोंदी अपुऱ्या असतील तिथे हारग्रीव्हजला जागा ठेवली. मात्र रोजच्या आकड्यावर पाण्याची पाळी ठरवू नये. पाच-दहा दिवसांची सरासरी घ्यावी. आणि वारा या सूत्रात कुठेच नाही, म्हणून कोरड्या, वाऱ्याच्या माळावर ते कमी पाणी सांगतं, तर दमट हवेत जास्त.