एमडी-पीएचडीसाठी मेजर कोणता घ्यावा? (आणि अर्ज खरे कुठे अडतात)

१ मेला कॉलेज पक्कं झालं की आमच्या न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. बहुतेक वेळा आईचाच असतो. ‘ताई, पोरीला डॉक्टर व्हायचंय आणि रिसर्चही करायचाय. मेजर काय घेऊ दे? बायो की बायोमेडिकल इंजिनिअरिंग?’

अमेरिकेतल्या एमडी-पीएचडी कार्यक्रमांना, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन या दोन्ही पदव्या एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांना, विशिष्ट मेजरची (पदवीच्या मुख्य विषयाची) अट नसते. गणित चालतं, भौतिकशास्त्र चालतं, इतिहासही चालतो. एवढं ऐकून समोरची बाई निश्चिंत होते नि फोन ठेवते. तीन वर्षांनी तिचाच फोन येतो, तेव्हा आवाज वेगळा असतो. त्या मेजरपायी जे राहून गेलं, त्याच्यावर घोडं अडलेलं असतं.

आधी थोडक्यात माहिती. दोन वर्षं मेडिकलचा अभ्यास, मग साधारण चार वर्षं पीएचडी, मग उरलेली दोन वर्षं वॉर्डात. एकूण आठ धरा, काहींना नऊ लागतात. फी बहुतेक ठिकाणी माफ, वर दरमहा स्टायपेंड. या प्रशिक्षणाला एनआयएच (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) १९६४ पासून पैसे देतं. सगळ्या देशात मिळून वर्षाला ७०० च्या आसपास मुलं प्रवेश घेतात. बहुतेक ठिकाणचा अर्ज अ‍ॅमकॅस या सामाईक ऑनलाइन यंत्रणेतून जातो. तिथे प्रत्येक कॉलेजपुढे एमडी-पीएचडी हा प्रकार निवडायचा. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यावीच लागते. जीआरई (पीएचडी-मास्टर्सची प्रवेश परीक्षा) बहुतेक ठिकाणी मागत नाहीत.

चार वर्षांची पदवी, हिशेब तीनचा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. मेडिकल कॉलेजच्या पानावर अर्जाची शेवटची तारीख ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरची दिसते, आणि घरचे म्हणतात, ‘अजून खूप वेळ आहे.’ समजा मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये कॉलेजला गेली. मे २०३० मध्ये पदवी घेऊन त्याच उन्हाळ्यात मेडिकलला जायचं असेल, तर तिचा अर्ज जून २०२९ मध्ये जायला हवा, म्हणजे तिसरं वर्ष संपताच. चौथ्या वर्षी ती जे शिकेल, लॅबमध्ये जे करेल, त्यातलं काहीही त्या पहिल्या अर्जात दिसणार नाही.

अर्ज पाठवला म्हणजे तो लगेच कॉलेजच्या हाती पडतो असंही नाही. अ‍ॅमकॅस आधी एकेक कोर्स ट्रान्सक्रिप्टशी (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाशी) ताडून बघतं. गर्दीच्या दिवसांत या पडताळणीला चार ते सहा आठवडे सहज जातात. त्यानंतर कॉलेजांचे स्वतःचे पुरवणी अर्ज येतात, आणि तोवर मुलाखती वाटायला सुरुवात झालेली असते. नोव्हेंबरची तारीख पाळणाऱ्याचा अर्ज नियमात बसतो, पण वरातीमागून घोडं!

आता मेजरकडे वळू. ज्या मेजरमध्ये पहिली दोन वर्षं सक्तीच्या कोर्सांनी गच्च भरलेली असतात, तिथे लॅब तिसऱ्या वर्षावर ढकलली जाते. मग अर्जात संशोधनाचे जेमतेम नऊ महिने दिसतात. एमडी-पीएचडीसाठी जो संशोधनाचा निबंध लिहायचा असतो त्याला १०,००० अक्षरांची मुभा आहे. ‘मला हेच का करायचंय’ या निबंधाला ३,०००, आणि नेहमीचं ५,३०० अक्षरांचं आत्मकथन आहेच. नऊ महिन्यांत पिपेट धरायला शिकलेल्या मुलाने १०,००० अक्षरांत लिहायचं काय? अशी दोन-तीन बाडं मी वाचली आहेत. दुसऱ्या परिच्छेदापासून लॅबच्या प्रमुखांचाच शोधनिबंध सुरू होतो, पोरगं कुठेच सापडत नाही.

वर्षभर थांबून जून २०३० मध्ये अर्ज केला तर काही बिघडत नाही. एक-दोन वर्षं पूर्ण वेळ लॅबमध्ये काम करून येणारी मुलं पुष्कळ असतात. फक्त आपल्याकडे त्याला ‘वर्ष वाया गेलं’ म्हणायची सवय आहे, ती सोडावी.

बीसीपीएम, म्हणजे कोर्सचं गोत्र

अ‍ॅमकॅस काढतं त्यातल्या दोन सरासऱ्या महत्त्वाच्या: एक सगळ्या कोर्सांची, दुसरी फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्सची. ही दुसरी म्हणजे बीसीपीएम. कोर्स कुठल्या खान्यात जाणार हे त्यातल्या आशयावर ठरतं, खात्याच्या पाटीवर नव्हे. स्टॅटिस्टिक्स गणितात धरतात, न्यूरोसायन्स आणि बायोफिजिक्स बायॉलॉजीत. सायकॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग मात्र बाहेर.

गेल्या वर्षी एका मुलीचं ट्रान्सक्रिप्ट आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरलं. ती बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, आणि हुशार. मी पेन्सिलने प्रत्येक कोर्सपुढे खाना लिहीत गेले. बायोमटेरियल्स, ए: इंजिनिअरिंग. सर्किट्स, ए: इंजिनिअरिंग. कोडिंगचा ए कॉम्प्युटरमध्ये गेला. बीसीपीएमच्या रकान्यात उरलं काय, तर पहिल्या वर्षीच्या घाईत घेतलेलं केमिस्ट्री, ऑरगॅनिकचा सी प्लस आणि तोच कोर्स पुन्हा देऊन मिळवलेला बी प्लस. तिच्या कॉलेजने जुना ग्रेड पुसला होता, म्हणून घरचे निर्धास्त होते. अ‍ॅमकॅस दोन्ही धरतं. तिची आई कॉफीचा कप हातात घेऊन नुसती बघत राहिली.

इंजिनिअरिंग घेऊ नका असं मी सांगत नाही. ज्याला उपकरणं बनवण्यात पीएचडी करायची आहे त्याने ते घ्यावंच. पण पहिल्या वर्षापासून हा खान्यांचा कागद स्वतः मांडत जा. कॉलेजचे सल्लागार पदवीची क्रेडिटं मोजतात, हा हिशेब आपला आपल्यालाच ठेवावा लागतो. अ‍ॅमकॅसच्या माहितीपत्रकात वर्गीकरणाची यादी असते.

पूर्वअटींचे कोर्स मेडिकल कॉलेजागणिक थोडे बदलतात. बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, आणि बऱ्याच ठिकाणी गणित आणि इंग्रजी. शाळेतल्या एपीच्या (शाळेतच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांच्या) जोरावर कॉलेजने केमिस्ट्री माफ केलं असेल, तरी काही मेडिकल कॉलेजं ती माफी मानत नाहीत आणि त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात.

विसरलेला कागद

अकरावी-बारावीत जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एखादा कोर्स आठवतोय का? बहुतेकांना आठवत नाही. शाळेनेच नाव घातलेलं असतं, फीसुद्धा भरलेली नसते. पण त्या कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट अ‍ॅमकॅसला लागतंच. ‘ते क्रेडिट माझ्या आत्ताच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतंय की’ हे उत्तर चालत नाही. उन्हाळ्यात दुसरीकडे केलेला कोर्स, मध्येच सोडलेला कोर्स, सगळ्यांना हाच नियम. एक जरी कागद कमी असला तरी पडताळणी सुरू होत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलाचा अर्ज सहा आठवडे एका भाषण-कलेच्या कोर्सवर अडकला होता. त्या कॉलेजात त्याचं खातं कुठल्या तरी जुन्या ईमेलवर होतं, आणि तिथल्या खिडकीवरचा माणूस ‘ऑनलाइन करा’ याखेरीज काही बोलायला तयार नव्हता. तेव्हा मार्चमध्येच सगळीकडून स्वतःसाठी एकेक प्रत मागवून बघा.

ग्रीन कार्ड

हे लिहिताना जीव जड होतो, पण मेजर निवडायच्या आधीच हे कळायला हवं. एनआयएचच्या ज्या अनुदानातून या जागांना पैसे येतात, त्यातून फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच स्टायपेंड देता येतं. वयाच्या चौथ्या वर्षी इथे आलेलं, बालवाडीपासून इथेच शिकलेलं, एच-४ वरचं (म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं) मूल या यादीत बसत नाही. आई-बाबांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, रांग लागली आहे, वर्क परमिट मिळालंय, यातलं काहीही ग्रीन कार्डच्या जागी चालत नाही. एकविसाव्या वाढदिवसानंतर तर एच-४ही सुटतो, आणि तेच मूल एफ-१ वरचा परदेशी विद्यार्थी होतं.

काही विद्यापीठं स्वतःच्या पैशातून अशा मुलांना घेतात, पण ती थोडी. म्हणून कॉलेजांची यादी पहिल्याच वर्षी करा, प्रत्येकाच्या पानावर परदेशी अर्जदारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, संदिग्ध असेल तर कार्यक्रमाच्या कचेरीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि असा मेजर घ्या की नुसत्या पीएचडीचा दरवाजाही उघडा राहील, कारण तिथे परदेशी मुलांना इतकी आडकाठी नसते.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: भारतातली बीएस्सी घेऊन थेट अर्ज करणं जवळपास अशक्य, कारण बहुतेक मेडिकल कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले कोर्स मागतात. एमबीबीएस झालेल्यांची वाट वेगळी: यूएसएमएलई (डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा), मग रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण). त्यांना पीएचडी हवी असेल तर ती स्वतंत्र करावी लागते.

तर मेजर कोणता?

ज्या खात्यातल्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या आत शिरता येईल, त्या खात्याचा. पीएचडी बायॉलॉजीतच करावी लागते असं नाही. हार्वर्ड, पेनसारख्या ठिकाणी मानववंशशास्त्रातही एमडी-पीएचडी होते. एकाच लॅबमध्ये दोन-अडीच वर्षं टिकलात तर प्रमुख तुमच्याबद्दल दोन पानी पत्र लिहू शकतात, फसलेल्या प्रयोगांसकट. आणि जिथे जिथे मनापासून संशोधन केलं त्या प्रत्येक ठिकाणच्या मार्गदर्शकाचं पत्र अपेक्षित असतं. उन्हाळ्यातल्या दहा आठवड्यांच्या लॅबचंही. तिथले प्रमुख दुसऱ्या विद्यापीठात निघून जायच्या आत मागून ठेवा.