दम रक्तातच असावा लागतो का?

‘दम रक्तातच असतो, जनुक चाचणीत निघाला नाही, तर पोराला धावायला लावू नका.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय.

अर्धा खरा आहे, म्हणून पटतो. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, यातला माणसामाणसांतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. सारखाच सराव करून कोणाचा दम झपाट्याने वाढतो, कोणाचा हळूहळू. त्यातही जनुकांचा हात आहे. पण ही जनुकं पुष्कळ, आणि एकेकाचा वाटा अगदी लहान. चाचण्यांत हमखास असणारं एसीटीएन३ हे जनुक तर वेगवान स्नायूतंतूंचं. दमाबद्दल ते फारसं सांगत नाही.

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीत कमरेवर हात ठेवून थांबलेलं पोर दिसलं, की मला त्या मेसेजची भीती वाटते.

पडताळा मैदानावरच घ्या. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १२ मिनिटं धावा. अंतराच्या मीटरमधून ५०५ वजा करून ४५ने भागा. शरीर वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, त्याचा हा अंदाज. २००० मीटरला अंदाजे ३३ येतात, २४०० ला ४२. तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतर पुन्हा मोजा. फक्त नागपूरच्या डिसेंबरमधली धाव मे महिन्यातल्या धावेशी ताडू नका. उकाड्यात अंतर घटतंच.