निर्गुडीचा पाला, गुडघ्याची सूज आणि प्रयोगशाळा

यंत्रमागावर दिवसभर उभं राहून गुडघे धरले, किंवा विड्या वळून मान-मनगटं भरून आली, की सोलापूरच्या पूर्व भागात आजही निर्गुडीचा पाला शोधला जातो. तव्यावर तेलाचं बोट फिरवून पाला गरम करायचा, गुडघ्यावर ठेवायचा, वरून फडकं बांधायचं. सकाळी बरं वाटतं. पण ते पाल्यानं, शेकानं, की रात्रभराच्या विश्रांतीनं? या बायामाणसांचं दुखणं खरं आहे, म्हणून या प्रश्नाचं उत्तरही नेमकं मिळायला हवं.

निर्गुडीच्या पानांत कॅस्टिसिन, ॲग्नुसाइड अशी संयुगं असतात. पाला सावलीत वाळवून, भरडून, अल्कोहोलसारख्या द्रावकात त्याचा अर्क काढतात. मग येते सूज मोजण्याची १९६२ पासून रुळलेली चाचणी. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या कॅरेजीननचं १ टक्का द्रावण, फक्त ०.१ मिलिलिटर, पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात टोचतात. पंजा फुगू लागतो. घोट्यावर शाईची खूण केलेली असते. त्या खुणेपर्यंत पंजा द्रवाच्या नळीत बुडवायचा आणि द्रव किती वर चढला ते टिपायचं. दर तासाला हेच. एका गटाला नुसतं पाणी, एकाला अर्क, एकाला इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं माहितीतलं औषध.

इथे घड्याळ फार बोलकं असतं. पहिल्या तासाभरातली सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनांमुळे येते, तिसऱ्या तासाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन या सूज आणि वेदना वाढवणाऱ्या रसायनांचा जोर असतो. अर्कानं ही नंतरची सूज उतरवली, तर तो ॲस्पिरिनच्या वाटेनं जात असावा असा कयास बांधता येतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. या चाचणीत अर्क बहुधा सूज येण्याआधीच पाजलेला असतो. आपला गुडघा मात्र वर्षानुवर्षं सुजलेला! त्यासाठी आठवडेच्या आठवडे चालणारी संधिवाताची चाचणी वेगळी करावी लागते.

वेदनेचं मोजमाप आणखी अवघड. फॉर्मालिन हे झोंबणारं रसायन पंजात टोचल्यावर उंदीर तो पंजा चाटतो. पहिल्या पाच मिनिटांतली कळ थेट मज्जातंतूंची, तर साधारण पंधराव्या मिनिटानंतरची दाहाची. मॉर्फिन दोन्ही दाबतं, ॲस्पिरिनसारखी औषधं मुख्यतः दुसरी. पण अर्कानं उंदराला नुसती गुंगी आली तरी चाटणं कमी होईल, म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर चालवून तोल तपासतात. प्राण्यांना हा त्रास द्यायचा तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे.

आता मात्रेचा हिशोब. अशा प्रयोगांत उंदराच्या दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क देणं नेहमीचं. उंदीर आणि माणूस यांच्या आकारातला फरक धरून माणसासाठी या आकड्याला ६.२ नं भागतात. ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ३.९ ग्रॅम अर्क! शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघाला असं धरलं, तर रोजचा ३९ ग्रॅम वाळका पाला झाला. शिवाय हा हिशोब पोटातून घेण्याचा. कातडीतून किती आत जातं हे वेगळंच तपासावं लागतं. त्यामुळे ‘उंदरांवर सिद्ध’ एवढ्यावर कुणी पुडी विकत असेल तर घेऊ नका. झटपट गुण देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

खरा निकाल माणसांवरच्या चाचणीत लागेल. विडी वळणाऱ्या बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला निर्गुडीचं तेल, दुसऱ्याला साधं. चोळणं आणि शेक दोघांना सारखाच. अडचण आहे ती निर्गुडीच्या उग्र वासाची. तो लगेच ओळखू येतो, म्हणून साध्या तेलालाही तसाच वास द्यावा लागेल. वेदना ० ते १० च्या पट्टीवर विचारायची, आणि विचारणाऱ्यालाही कुणाला कोणतं तेल दिलंय हे ठाऊक नसावं.