सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर राज्यमार्ग

सातारा जिल्ह्यातील सुरूर (ता. वाई) येथे पुणे–बंगळूरु राष्ट्रीय महामार्गापासून निघून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, वाडा कुंभरोशी या मार्गाने रायगड जिल्ह्यातील पोलादपूर येथे मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाला मिळणारा रस्ता. लांबी सुमारे ८० किमी. या अंतरात पसरणी आणि आंबेनळी असे दोन मोठे घाट आहेत. पर्यटकांना हा महाबळेश्वरचा रस्ता म्हणून माहीत असला, तरी देश आणि कोकण जोडणारी वाट ही त्याची खरी ओळख. महाबळेश्वर तिच्यावरचा एक मुक्काम आहे, शेवट नव्हे.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतील चार नद्यांची खोरी हा रस्ता एकामागून एक ओलांडतो : वाईला कृष्णा, माथ्यावर वेण्णा, प्रतापगडाच्या पायथ्याशी कोयना आणि पोलादपूरला सावित्री. पहिल्या तीन नद्यांचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते, सावित्रीचे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला. नकाशावर गुंतवळासारखा दिसणारा हा रस्ता नद्यांच्या हिशेबाने पाहिला, की सरळ उलगडतो.

मार्ग : पुण्याकडून येताना खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूरचा फाटा लागतो. तिथून वाईपर्यंतचा रस्ता सपाटीचा असून त्याच्या दुतर्फा इंग्रजी अमदानीतले जुने वड आहेत. भर एप्रिलमध्येही त्यांच्या पारंब्यांखालून जाताना उन्हाचा चटका जाणवत नाही. रुंदीकरणात हे वड जाणार म्हणताच परिसरातून विरोध झाला आणि तो रास्तच होता. रस्ता दोन हात रुंद करता येतो, शंभर वर्षांचा वड पुन्हा उभा करता येत नाही. वाई हे कृष्णाकाठचे घाटांचे आणि देवळांचे गाव. ढोल्या गणपतीचे मंदिर रास्ते घराण्याने अठराव्या शतकात बांधले. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच गावात उभे राहिले.

वाई सोडताच पसरणी गाव आणि लगेच घाट सुरू होतो. पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. घाट चढताना उजव्या हाताला कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय उघडा पडत जातो. माथ्यावर पाचगणी. जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव वसवले. रस्त्याकडेला दिसणारे उंच, सरळसोट सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले, त्याच काळात इथे आलेले. पाचगणी ते महाबळेश्वर हा पट्टा गुरेघर, भोसे, अवकाळी, मेटगुताड अशा गावांतून, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेने जातो. महाबळेश्वरच्या वेशीवरचा वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब यांनी १८४२ मध्ये बांधवला. सुट्ट्यांच्या दिवसांत या तलावापाशी वाहनांची रांग लागते आणि एसटीचे वेळापत्रक कोलमडते.

महाबळेश्वरच्या पुढे रस्त्याचे रूप बदलते. हॉटेले संपतात, जंगल दाटते आणि मेटतळ्यावरून रस्ता जावळीच्या खोऱ्यात उतरू लागतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे आणि तिथून उतरले की थेट कोकण, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिला उतार कोयनेच्या उगमाकडच्या खोऱ्यात नेतो. वाडा कुंभरोशी हे गाव या खोऱ्यात असून प्रतापगडाचा फाटा तिथेच फुटतो. कोकणात उतरणारा आंबेनळी घाट त्याच्यापुढे सुरू होतो. डोंगराला बिलगून एकामागून एक वळणे घेत रस्ता रायगड जिल्ह्यात शिरतो आणि पोलादपूरला सावित्रीच्या काठी पोहोचतो. तानाजी मालुसरे यांचे उमरठ याच तालुक्यात आहे.

इतिहास : डांबरी रस्त्याच्या कितीतरी आधी इथे पायवाटा आणि बैलवाटा होत्या. त्यांतली मुख्य वाट पार घाटाची. महाबळेश्वरच्या पठारावरून रडतोंडीच्या घाटाने पार गावी उतरायचे आणि तिथून पुन्हा खाली कोकणात. ‘रडतोंडी’ या नावातच त्या चढाचे वर्णन आहे. कोकणातून मीठ वर येई, देशावरून धान्य खाली जाई, आणि ही ने-आण लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई. जावळी ज्याच्या हाती त्याच्या हाती ही वाट, म्हणून १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतल्यावर पारघाटावर नजर ठेवणाऱ्या भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे यांच्याकरवी प्रतापगड बांधवून घेतला. १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ वाईला होता. तो तिथून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला आणि १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी मारला गेला. आजचा राज्यमार्ग वाईपासून प्रतापगडापर्यंत जवळपास त्याच दिशेने जातो.

पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. तो राज्यमार्गावर नाही, आतल्या रस्त्यावर आहे. पण या वाटेचा इतिहास सांगताना तो वगळून चालत नाही. घडीव दगडांच्या खांबांवर कमानी तोलल्या आहेत. जावळीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला पुरात झाडांचे ओंडके घेऊन येणारी कोयना कशी धडका देते ते ठाऊक असते. त्या धडका शतकानुशतके खाऊन पूल उभा आहे आणि वापरातही आहे.

इंग्रजांचे लक्ष या वाटेकडे वळले ते थंड हवेसाठी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतले आणि बदल्यात वाई परिसरातील खंडाळा हे गाव दिले. नव्या वसाहतीला माल्कम पेठ हे नाव मिळाले. त्या काळी मुंबईहून इकडे येणारा माणूस गलबताने बाणकोटच्या खाडीत शिरे, सावित्रीतून महाडपर्यंत येई आणि पोलादपूरवरून पालखीने किंवा घोड्यावरून पारघाट चढे. महाबळेश्वरच्या तुरुंगात चीन आणि मलाया भागातले कैदी ठेवले जात; पठारावर भाजीपाल्याचे मळे पिकवण्यात त्यांच्या श्रमांचा मोठा वाटा होता. चाकाची वाहने जातील असा घाट पुढे आंबेनळीतून काढण्यात आला. १८६७ ते १८७२ या काळातील गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांच्यावरून त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळीच राहिले. पारघाट हळूहळू मागे पडला.

रेल्वेने या रस्त्याचे पारडे फिरवले. समुद्रमार्गे येणे होते तोवर महाबळेश्वरचा दरवाजा पश्चिमेला, पोलादपूरकडे होता. रेल्वे पुण्याला पोहोचली, पुढे वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाईला येण्याची सोय झाली आणि दरवाजा पूर्वेला, पसरणी घाटाकडे आला. दोन्ही घाटांच्या आजच्या अवस्थेतला फरक इथूनच सुरू होतो.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रतापगडावरील शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा महाराष्ट्र अजून द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने या दिवशी मोठी निदर्शने केली. पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला हजारो माणसे काळी निशाणे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

पाऊस आणि दरडी : महाबळेश्वर परिसरात वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माथ्यावर जांभा, मुरूम आणि मातीचा थर, खाली काळा पाषाण अशी इथल्या डोंगराची रचना. वरून मुरलेले पाणी पाषाणापाशी अडते, वरचा थर पाण्याने जड होतो आणि घसरतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला, की त्याचा पायाच सुटलेला असतो. दुसरे कारण साधे, पण अधिक नेहमीचे : डोंगराकडचे गटार दगडमातीने बुजते, मोरी तुंबते, पाणी रस्त्यावरून दरीच्या बाजूला वाहते आणि भराव खालून पोखरला जातो. वरून डांबर धड दिसते, खाली आधार उरलेला नसतो. म्हणून मे महिन्यात गटारे आणि मोऱ्या साफ होणे ही या घाटात कोणत्याही नव्या कठड्याइतकीच मोलाची गोष्ट आहे.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. ३० जण मृत्युमुखी पडले, एक जण वाचला. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिमी पाऊस झाला. आंबेनळी घाट अनेक ठिकाणी खचला, काही जागी रस्ताच वाहून गेला आणि दुरुस्ती होईपर्यंत वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरड कोसळून जीवितहानी झाली.

आंबेनळी बंद पडला, की कोकण आणि देश यांमधली वाहने महाड–भोर रस्त्यावरील वरंध घाटाने वळवली जातात. तोही पावसाळ्यात वरचेवर बंद असतो. मग चिपळूण–कराड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट उरतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांना हा वळसा परवडतो. वाडा कुंभरोशी आणि पारच्या माणसाला मात्र दवाखाना, बाजार आणि कॉलेज यांसाठी हाच रस्ता लागतो, वर महाबळेश्वरला किंवा खाली पोलादपूरला.