लॉग केबिन (गोधडीचा ब्लॉक)

लॉग केबिन हा कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवण्याच्या अमेरिकी पद्धतीतील एक अतिशय रूढ ब्लॉक असून, मध्यभागी ठेवलेल्या लहान चौकोनाभोवती अरुंद पट्ट्या एकामागून एक जोडत तो तयार केला जातो. ब्लॉक म्हणजे गोधडीच्या वरच्या थराचा एक सुटा चौरस. असे अनेक चौरस आधी स्वतंत्रपणे शिवून मग एकमेकांना जोडतात. लाकडी ओंडके रचून बांधलेल्या घरांवरून त्याला हे नाव मिळाले आणि अमेरिकेत १८६०च्या दशकापासून तो विशेष लोकप्रिय झाला.

शिवण्यासाठी समजा मधला चौकोन अडीच इंचांचा आणि पट्ट्या दीड इंच रुंदीच्या कापल्या, आणि शिलाईसाठी सर्वत्र पाव इंच माया धरली. पहिली फिकी पट्टी चौकोनाच्या एका कडेला सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून टीप मारून जोडतात, उघडून इस्त्री करतात आणि जास्तीचे टोक कापून टाकतात. दुसरी फिकी पट्टी लगतच्या कडेला, चौकोन आणि पहिली पट्टी या दोहोंवरून जाणारी असल्याने साडेतीन इंच लागते. त्यानंतरच्या दोन पट्ट्या गडद रंगाच्या असतात व त्या अनुक्रमे साडेतीन आणि साडेचार इंच भरतात. असे तीन फेरे झाले की बारा पट्ट्यांचा, कडेच्या मायेसह साडेआठ इंचांचा ब्लॉक तयार होतो आणि त्याचा कर्णाच्या एका बाजूचा भाग फिका व दुसऱ्या बाजूचा गडद दिसतो.

या कामात खरी कसोटी मायेचीच असते. प्रत्येक टीप एक-सोळांश इंचाने आत गेली, तर तो फरक जोडलेल्या दोन्ही तुकड्यांतून वजा होतो. ब्लॉकच्या रुंदीत अशा सहा शिवणी येत असल्याने तो पाऊण इंच लहान भरतो आणि शेजारच्या ब्लॉकशी कडा जुळत नाहीत. पट्ट्या कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरूनच कापाव्या लागतात, कारण उरेब कापलेली पट्टी इस्त्रीखाली ताणली जाते. जुन्या काळी या अडचणींवर उपाय म्हणून पट्ट्या साध्या सुती कापडाच्या पायावर शिवत असत. त्यामुळे रेशीम, लोकर, मखमल असे वेगवेगळ्या जाडीचे तुकडेही एकत्र वापरता येत. मात्र सगळे मिळून इतके जाड होई की गोधडीला धावदोरा घालण्याऐवजी ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारून थर बांधले जात.

एकटा ब्लॉक फारसा लक्ष वेधत नाही. त्याचे वैभव मांडणीत आहे. फिक्या-गडद भागांची दिशा बदलत ब्लॉक लावले की एकात एक शंकरपाळे उमटणारी ‘बार्न रेझिंग’ किंवा तिरपे पट्टे दिसणारी ‘स्ट्रेट फरो’ अशा रचना होतात. ‘कोर्टहाउस स्टेप्स’ या प्रकारात मात्र पट्ट्या गोलाकार क्रमाने न जोडता समोरासमोरच्या बाजूंना जोडतात.

मधला चौकोन लाल असणे म्हणजे घरातील शेकोटी, हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते व ते निरुपद्रवी आहे. काळ्या चौकोनाची गोधडी बाहेर टांगून पळालेल्या गुलामांना सुरक्षित घराची खूण दिली जात असे, ही १९९९ सालच्या एका पुस्तकामुळे पसरलेली कथा मात्र गोधड्यांचे अभ्यासक मान्य करत नाहीत. तिला समकालीन पुरावा नाही.

अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी याच रचनेला ‘हाउसटॉप’ या रूपात मोकळेपणा दिला. कामाच्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या, नजरेच्या अंदाजाने घेतलेली मापे आणि मुद्दाम न सावरलेल्या तिरक्या कडा ही तिथली लक्षणे होत. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या प्रदर्शित झाल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली, जी या लेखकाला निष्कारण वाटते.

भारतात जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या ‘कवंद’ गोधडीचे आहे. या समाजाच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले होते. कवंदात ब्लॉक नसतो आणि कामाची दिशाही उलट असते: साडीच्या अस्तरावर एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळे लावत, धावदोरा घालत, गोधडी मध्याकडे भरत जाते.