विनोदी नटाच्या चरित्रभूमिका : स्टीव्ह कूगन

विनोदी नटाने जुन्या काळातल्या किंवा सत्यघटनेवर बेतलेल्या नाट्यात नावागावाच्या खऱ्या माणसाची भूमिका करणे, ही रंगभूमीवर आणि पडद्यावर बरीच जुनी वहिवाट आहे. मराठी प्रेक्षकाला तिचे नवल वाटायचे कारण नाही. चिमणराव घराघरांत पोचवणाऱ्या दिलीप प्रभावळकर यांनी २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये महात्मा गांधी उभे केले, त्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’तील कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. इंग्लंडमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत हा प्रवास सर्वांत सातत्याने केला तो स्टीव्ह कूगन या नटाने. पत्रकार, संगीतव्यावसायिक, फुटबॉल प्रशिक्षक, मूकपटाच्या जमान्यातला विदूषक आणि एक नराधम अशी खरी माणसे त्याने साकारली. त्याच्या कामाकडे पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो : ज्याच्या गळ्यात आणि अंगात जन्मजात नक्कल आहे, त्याने खरा माणूस उभा करताना ती किती वापरावी?

कूगनचा जन्म १४ ऑक्टोबर १९६५ रोजी मँचेस्टरजवळच्या मिडलटन गावी, आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. नाट्यशिक्षण मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये. सुरुवातीची कमाई आवाजाची. राजकारण्यांच्या बाहुल्या नाचवणाऱ्या ‘स्पिटिंग इमेज’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो बाहुल्यांना आवाज देत असे. १९९२ साली एडिंबरोच्या महोत्सवात जॉन थॉमसनच्या जोडीने त्याला विनोदासाठीचा पेरियर पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, बीबीसी रेडिओवरच्या ‘ऑन द आवर’ या विडंबनात ॲलन पार्ट्रिज हे पात्र जन्माला आले होते. नॉरिचचा हा क्रीडावार्ताहर पुढे मुलाखतकार होतो, मग पदावरून घसरतो आणि शेवटी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात मुक्काम ठोकतो. तिथे बुफेला ‘ताटलीत मावेल तेवढे’ असा नियम असतो आणि हॉटेलच्या ताटल्या आठ इंची असतात. म्हणून ॲलन स्वतःच्या खोलीत बारा इंची ताटली बाळगतो आणि जेवायला येताना ती बरोबर आणतो. या एका ताटलीत त्या माणसाची सगळी हाव, सगळा एकटेपणा आणि आपण इतरांपेक्षा चतुर असल्याची समजूत दिसते. पुढच्या सर्व चरित्रभूमिकांचे भांडवल इथे आहे, असे माझे मत आहे. माणूस कशाने हास्यास्पद होतो हे ज्याला इतके बारकाईने कळते, त्याला माणूस कशाने दुखावतो हेही कळते.

पहिली मोठी चरित्रभूमिका टोनी विल्सनची. मायकेल विंटरबॉटम दिग्दर्शित ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ (२००२) हा चित्रपट मँचेस्टरच्या संगीतविश्वाची कहाणी सांगतो. विल्सन हा तिथल्या ग्रॅनाडा दूरचित्रवाणीचा वार्ताहर. १९७८ साली त्याने इतरांसह फॅक्टरी ही ध्वनिमुद्रण संस्था उभारली आणि त्याच मंडळींनी १९८२ साली ‘हासिएंडा’ हा क्लब काढला. कूगन त्याच परिसरातला, विल्सनला प्रत्यक्ष ओळखणारा. त्याने विल्सनची बोलण्याची लकब हुबेहूब उचलली आणि ती उचलल्याचे लपवलेही नाही. गोष्ट मध्येच थांबवून तो प्रेक्षकांशी बोलतो. एका प्रसंगाच्या शेवटी गायक हॉवर्ड डिव्होटो स्वतः शौचालय सफाई कामगाराच्या वेषात येऊन सांगतो की हे असे घडल्याचे आपल्याला मुळीच आठवत नाही. सत्यकथेत किती सत्य आणि किती रचलेले, हा वाद चित्रपटाने स्वतःच अंगावर घेतला. इथे नक्कल उघड आहे आणि तीच शोभते, कारण विल्सन स्वतःच आयुष्यभर ‘टोनी विल्सन’चे सोंग वठवत होता.

जुन्या काळाच्या वेषभूषेतल्या त्याच्या कामांचा दर्जा मात्र सारखा नाही. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ (२००४) मध्ये जॅकी चॅनसमोर तो फिलिअस फॉग झाला. ते काम लक्षात राहण्याजोगे नाही. सोफिया कोपोलाच्या ‘मारी आंत्वानेत’ (२००६) मध्ये तो ऑस्ट्रियाचा राजदूत मेर्सी आहे. भूमिका लहान, पण दरबारातला संयम त्याने नीट सांभाळला आहे. यांतला खरा दागिना म्हणजे ‘अ कॉक अँड बुल स्टोरी’ (२००५). अठराव्या शतकातल्या लॉरेन्स स्टर्नच्या कादंबरीवर चित्रपट काढू पाहणाऱ्या मंडळींची ही गोष्ट. कूगन त्यात कादंबरीतला नायक, नायकाचा बाप आणि ‘स्टीव्ह कूगन’ नावाचा नट अशा तीन भूमिका करतो. सहनट रॉब ब्रायडनपेक्षा आपण उंच दिसावे म्हणून हा नट आपल्या जुन्या घाटाच्या बुटांची टाच वाढवून मागतो. शतकांमागचा भरजरी पोशाख आणि आत आजचा मत्सर!

या प्रवासाला वळण मिळाले ते ‘फिलोमिना’ने (२०१३). २००९ साली कूगनने वर्तमानपत्रात एका आयरिश वृद्धेची हकीकत वाचली. फिलोमिना ली या अविवाहित मुलीला दिवस गेले म्हणून टिपरेरी परगण्यातल्या रॉसक्रे येथील शॉन रॉस ॲबी या मठात ठेवण्यात आले. तिथे १९५२ मध्ये तिला मुलगा झाला आणि १९५५ मध्ये तो अमेरिकन दांपत्याला दत्तक देण्यात आला. तो मायकेल हेस या नावाने वाढला, रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा मुख्य विधी सल्लागार झाला आणि १९९५ मध्ये एड्सने वारला. आई आणि मुलगा दोघेही वेगवेगळ्या वेळी मठात जाऊन एकमेकांचा पत्ता विचारत होते. दोघांनाही तो मिळाला नाही. मुलाने मागून घेतले ते एवढेच की आपल्याला त्याच मठाच्या आवारात पुरावे. ही कहाणी माजी बीबीसी पत्रकार मार्टिन सिक्सस्मिथ यांनी लिहिली होती.

कूगनने जेफ पोपसोबत पटकथा लिहिली, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्सचे, फिलोमिना झाली ज्युडी डेंच. स्वतः कूगनने सिक्सस्मिथची भूमिका घेतली आणि तिच्यात नक्कल जवळजवळ ठेवलीच नाही. पटकथेला व्हेनिस महोत्सवात आणि बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांमध्ये पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार नामांकने झाली. पण यातली खरी कमाल त्याने विनोदाची जी वाटणी केली तिची आहे. हशे सगळे डेंचकडे आहेत. विमानतळावर ती आपण वाचलेल्या प्रेमकादंबरीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत सुटते. शेजारी बसलेला कूगन फक्त ऐकतो. चेहऱ्यावर शिष्टाचाराचे हसू, डोळ्यांत कंटाळा, आणि कंटाळल्याबद्दलची थोडी लाजही. दुसऱ्याच्या हशाला जागा करून देणे ही विनोदी नटाची सर्वांत कठीण कसोटी असते, आणि ती त्याने इथे पार केली. शेवटी मठात सिक्सस्मिथ संतापाने बोलतो आणि ज्या बाईचा मूल गेल्याचा हक्काचा राग आहे ती क्षमा करते, तेव्हा त्याचा संताप अचानक लहान दिसू लागतो. कूगनने तो लहान दिसू दिला.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या जोगिणीला पडद्यावर क्षमा केली जाते, ती सिस्टर हिल्डगार्ड प्रत्यक्षात १९९५ मध्येच वारली होती. सिक्सस्मिथ या शोधात पडले ते २००४ मध्ये. दोघांचा अमेरिका प्रवासही पटकथेने रचलेला. म्हणजे चित्रपटाचा सर्वांत हलवून टाकणारा प्रसंग घडलेलाच नाही. माझ्या मते फिलोमिना ली यांच्या क्षमेचे सत्य त्याने बिघडत नाही. पण ‘सत्यकथा’ ही पाटी वाचून बसणाऱ्या प्रेक्षकाला ते माहीत असायला हवे.

मराठी माणसाला सर्वांत जवळची वाटेल अशी भूमिका त्यानंतर पाच वर्षांनी आली. लॉरेल आणि हार्डी ही जोडी आपल्याकडे ‘जाड्या-रड्या’ म्हणून ओळखली जाते. ‘स्टॅन अँड ऑली’ (२०१८) मध्ये कूगन रड्या झाला आणि जॉन सी. रायली जाड्या. दिग्दर्शक जॉन एस. बेर्ड, पटकथा पुन्हा जेफ पोपची. चित्रपट १९३७ मधल्या ऐन भरात सुरू होतो आणि लगेच १९५३ मधल्या ब्रिटनच्या दौऱ्यावर येतो. दोघे म्हातारे झालेले, थिएटरे अर्धी रिकामी, हार्डीचे गुडघे आणि हृदय दोन्ही थकलेले. खरे तर युद्धानंतर त्यांनी ब्रिटनचे एकाहून अधिक दौरे केले होते; पटकथेने त्यांचा एकच केला आहे.

लॉरेलची नक्कल कोणीही करतो : डोक्यावरचे केस वर ओढत खाजवायचे, ओठ वाकवायचे, रडवेला चेहरा करायचा. अडचण नेमकी तीच आहे. पडद्यावरचा रड्या हेच मुळात एक सोंग होते. त्यामागचा स्टॅन लॉरेल हा जोडीतला लेखक होता. विनोदाची जुळणी, संकलन, एकेका हालचालीचा हिशोब तो पाहत असे. कूगनला म्हणून दोन माणसे करायची होती, एक रंगमंचावरचा आणि एक त्याला मागून चालवणारा. हॉटेलच्या स्वागतकक्षापाशी, कोणी पाहत असेल या भरवशावर, तो रड्याच्या लकबी पुन्हा काढतो. लोक हसतात आणि त्याच क्षणी डोळ्यांत दमणूक दिसते. हार्डी अंथरुणाला खिळतो तेव्हा लॉरेल त्याच्या शेजारी पलंगावर चढून पांघरुणात शिरतो आणि त्याचा हात धरतो. अनेक लघुपटांत या जोडीने एकाच पलंगावर झोपण्याचा विनोद केला होता. इथे तोच पलंग आहे आणि विनोद एकही नाही. या भूमिकेसाठी कूगनला बाफ्टाचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन मिळाले. माझ्या लेखी ते त्याचे सर्वोत्तम काम आहे.

‘द लॉस्ट किंग’ (२०२२) मात्र सत्यकथेची दुसरी बाजू दाखवतो. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टरच्या एका मोटारतळाखाली सापडले. त्या शोधामागे लागलेल्या फिलिपा लँग्ली यांची ही गोष्ट. कूगन लेखक, निर्माता आणि फिलिपाच्या नवऱ्याच्या भूमिकेत. लेस्टर विद्यापीठाच्या तत्कालीन उपनिबंधकांचे चित्रण त्यात ज्या तऱ्हेने झाले, त्यावरून त्यांनी बदनामीचा दावा लावला. २०२४ मध्ये न्यायालयाने त्या चित्रणातून बदनामीकारक अर्थ निघतो असा प्राथमिक निर्णय दिला आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. नायिका एकटी पडलेली दाखवायची तर कोणीतरी आडवा येणारा लागतो. तो आडवा येणारा जिवंत, नावाचा माणूस असेल तर पटकथेची सोय त्याच्या अब्रूवर येते. ही जबाबदारी विनोदी लेखणीला अधिक जड, कारण तिच्या एका फटकाऱ्यात माणूस हास्यास्पद होतो.

सर्वांत अवघड काम २०२३ मधले. बीबीसीच्या ‘द रेकनिंग’ या चार भागांच्या मालिकेत कूगन जिमी सॅव्हिल झाला. लहान मुलांच्या कार्यक्रमांचा लाडका सूत्रधार, दानधर्मासाठी नावाजलेला हा माणूस २०११ मध्ये मानाने गेला. पुढच्याच वर्षी त्याचे अत्याचार उघड झाले. २०१३ च्या पोलिसी अहवालानुसार सुमारे ४५० जणांनी त्याच्याविषयी माहिती दिली होती. सिगार, चकाकते ट्रॅकसूट, ठरावीक पालुपदे यांमुळे सॅव्हिलची नक्कल हा ब्रिटनमध्ये एकेकाळी हमखास हशा मिळवणारा प्रकार होता. कूगनने तीच पालुपदे जशीच्या तशी ठेवली, फक्त हशा काढून टाकला. तो चेष्टेत बोलतो आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. विनोद इथे दार लावून घेण्याच्या कामी येतो. अत्याचार सोसलेल्या व्यक्ती मालिकेत स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात, आणि त्यांच्यामुळेच हे चित्रण त्या माणसाच्या कौतुकात घसरत नाही.

अलीकडची कामेही याच वाटेवरची. ‘द पेंग्विन लेसन्स’ (२०२४) १९७६ च्या अर्जेंटिनात, लष्करी उठावाच्या काळात घडतो. त्यातला मूळ शिक्षक विशीतला होता. साठीकडे झुकलेल्या कूगनसाठी त्याला एक जुने दुःख जोडावे लागले, आणि तो सांधा दिसतो. ‘सायपान’ (२०२५) मध्ये तो आयर्लंडच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक मिक मॅकार्थी आहे.

२०२५ च्याच ‘ब्रायन अँड मॅगी’ या दोन भागांच्या मालिकेत तो मजूर पक्षाचा माजी खासदार आणि नंतरचा मुलाखतकार ब्रायन वॉल्डन झाला. मार्गारेट थॅचरच्या भूमिकेत हॅरिएट वॉल्टर. १९८९ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांच्या राजीनाम्यानंतर वॉल्डनने थॅचर यांची जी मुलाखत घेतली, तिने दोघांची मैत्री संपवली. तीसहून अधिक वर्षांपूर्वी कूगनने मुलाखतकाराच्या खुर्चीत बसवला होता तो ॲलन पार्ट्रिज. त्याला समोरच्याचे बोलणे ऐकायलाच येत नसे. वॉल्डन प्रश्न विचारतो, थांबतो, आणि थॅचर बोलत असताना कूगन मान किंचित कलती ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहतो.